हाड भरेपर्यंत

हाड भरलं नव्हतं. डॉक्टरांनी स्क्रीनवरच्या एक्स-रेवर पेनाचं टोक ठेवलं आणि सासऱ्यांना नि सुनेला ती काळी रेघ दाखवली. आठ आठवड्यांपूर्वी ढब्बूच्या, म्हणजे सुनेच्या कुत्र्याच्या, मागच्या पायाचं ऑपरेशन झालं होतं. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं, म्हणून खालचं हाड कापून, थोडं फिरवून, धातूची पट्टी आणि स्क्रूंनी बसवलं होतं. एव्हाना कापाची रेघ बुजायला हवी होती. ती होती तशीच होती, वर एक स्क्रू सैल झाला होता.

"मी आधीच सांगितलं होतं," सासरे म्हणाले. "हिच्याच्यानं होणार नाही."

काय तो माणूस! चाळीस वर्षं स्टोअरकीपर होता. चिठ्ठीशिवाय एक खिळा बाहेर जाऊ दिला नाही, हेच काय ते आयुष्यभराचं कर्तृत्व, आणि तेही रोज जेवताना ऐकावं लागायचं. कुत्रा सुनेनं माहेराहून आणलेला, म्हणून आल्या दिवसापासून 'ते धूड'. नावानं हाक म्हणून कधी मारली नाही. सुनेला तरी कुठे नावानं हाक मारायचे म्हणा.

तिनं बैठकीच्या खोलीत फळ्यांचं कुंपण केलं होतं. उडी नाही, पळणं नाही, पट्ट्याशिवाय एक पाऊल नाही. किती मिनिटं चालवलं, कुठली गोळी कधी दिली, सगळं वहीत तारीखवार लिहिलेलं. दुपारचं ऑफिस सोडलं तर ती सारा वेळ कुंपणाशेजारी जमिनीवर बसून असायची. सासरे कोचावरून बघायचे आणि नाक मुरडायचे. जमिनीवर बसून कुत्र्याची मनधरणी करणारी सून आपल्याच नशिबी यावी, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. स्वतः मात्र कोचावरून खाली उतरतील तर शपथ.

डॉक्टरांनी वही चाळली. पुन्हा एक्स-रेकडे पाहिलं. इतकं सांभाळल्यावर असं व्हायला नको, म्हणाले. अजून आठ आठवडे लागतील, आणि आता एक जरी उडी मारली तरी पाय जाईल.

सून पायाशी बसलेल्या ढब्बूकडे बघत राहिली. आपलंच कुठेतरी चुकलं, हे तिनं मनाशी धरलं होतं. डोळे भरून आले होते, पण सासऱ्यांसमोर रडायचं नाही एवढा हट्ट तिच्यात होता.

"मी ह्याला माहेरी सोडते," ती म्हणाली. "कायमचा. तिकडे भाऊ करील सगळं नीट."

"सोड की," सासरे म्हणाले. "एकदाची ब्याद टळेल."

म्हणाले खरे, पण ते मागच्या बाकावर मटकन बसले. आणि बसल्या बसल्या त्यांच्या हातानं, त्यांनाच न विचारता, शेजारच्या रिकाम्या जागेवर दोनदा थाप मारली.

ढब्बू ताडकन उठला. सुनेच्या हातातून पट्टा सुटला. पुढचे पाय बाकावर गेले, मागचे उचलणार, तेवढ्यात डॉक्टरांनी त्याला कमरेत धरलं. ढब्बूला त्याचं काही नव्हतं. त्यानं मान लांब करून सासऱ्यांच्या शर्टाच्या खिशात सरळ नाक घातलं. बिस्किटाचा अर्धा तुकडा खाली पडला.

चिठ्ठीशिवाय खिळा न सोडणारा माणूस बिस्किटाच्या तुकड्याकडे बघत राहिला.

"रोज वर घेता?" डॉक्टरांनी विचारलं.

"दुपारी फक्त," सासरे म्हणाले. आवाज पार खाली गेला होता. "ही गेली की ढब्बू रडतो एकटा. ऐकवत नाही मला."

सुनेनं त्यांच्याकडे पाहिलं. दोन महिने खाल्लेले टोमणे घशाशी आले असतील. तिनं ते गिळले, वाकून पट्टा उचलला आणि वही सासऱ्यांच्या मांडीवर ठेवली.

"माहेरी नेत नाही त्याला," ती म्हणाली. "पण आता तो वर यायचा नाही, बाबा. तुम्ही खाली बसायचं."