नवख्यांचा धडा

“बाबा, माउस आहे तो, कात्री नाही. इतका आवळून नका धरू.”

शिंप्याने बोटं सैल केली. पन्नास वर्षं कात्री चालवलेला हात तो, सैल म्हणजे नक्की किती सैल हे त्याला कळेना. पडद्यावरचा बाण भलतीकडेच पळाला. तो ओशाळून हसला. मुलगी हसली नाही. कामावर असताना तिला हसायची सोयच नव्हती.

ती या कंपनीत व्हिडिओ गेम बनवायची. सध्या अणुयुद्धाचा गेम चालू होता, आणि त्यातला नवख्यांसाठीचा पहिला धडा तिच्याकडे होता. जन्मात गेम न खेळलेलं माणूस समोर बसवायचं, ते कुठे अडतं, किती वेळ अडतं ते वहीत टिपायचं. खेळताना मदत करायची नाही, तोंडसुद्धा वाकडं करायचं नाही. परवा तिचा फोन आला होता. “बाबा, याल का? तुमच्याइतकं अडाणी माणूस मला दुसरं मिळायचं नाही.” तिने आपणहून केलेला हा कित्येक वर्षांतला पहिला फोन. अडाणी म्हणाली याचंच म्हाताऱ्याला केवढं कौतुक! आपलं मानल्याशिवाय कोणी असं तोंडावर म्हणतं का? “येतो की,” तो म्हणाला, “मलाही तुझ्याशी जरा बोलायचंय.”

बोलायचं म्हणजे एकच वाक्य होतं. बसमध्ये त्याने ते दहादा घोकलं.

ती सात वर्षांची असताना तिच्या भावाची किडनी बिघडली. दूरच्या इस्पितळात महिनोन् महिने काढायचे होते. तिला मावशीकडे ठेवलं, दोन महिन्यांसाठी. त्या दोन महिन्यांची अकरा वर्षं झाली. मुलगा वाचला, आज दोन पोरांचा बाप आहे, आणि अजून “अरे बाबा” म्हणून गळ्यात पडतो. ही “तुम्ही” म्हणते. ते “तुम्ही” शिंप्याला दर वेळी टाचणीसारखं टोचायचं. म्हणून ते वाक्य. ‘तुला मावशीकडे ठेवायचं ठरवताना मी पंधरा दिवस झोपलो नव्हतो गं.’ सगळ्या नातेवाइकांना सांगून झालं होतं. हिलाच तेवढं सांगायचं राहिलं होतं.

खोली एवढीशी होती. त्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला कपडे घालून बघायला कोपरा होता, तेवढीच. तिथे निदान आडोशाला पडदा तरी होता. इथे सगळी काच. येणाजाणारे आपल्याला बघतायत असं वाटून तो आणखीच आक्रसला.

“वाचा आणि तसं करा,” ती म्हणाली.

तो बोट ठेवून मोठ्याने वाचू लागला. आधी रडार उभारा, शत्रू दिसलाच नाही तर लढणार कसे. त्याने रडार समुद्रात नेऊन ठेवलं. ते काही तिथे बसेना. मग जमिनीवर ठेवलं. घाईने पहिला वार करू नका, क्षेपणास्त्र सोडलंत की तुमचा तळ सगळ्यांना दिसतो. हे त्याला पटलं. आणि वार करणारा तळ त्याच वेळी बचाव करू शकत नाही. हे त्याने दोनदा वाचलं. तिची पेन्सिल चालू होती. शाळेत फळ्यासमोर उभं केल्यासारखा त्याला घाम फुटला.

एवढ्यात भोंगा वाजला. शत्रूची दोन क्षेपणास्त्रं निघाली होती, एक मोठ्या शहराकडे, एक लहान शहराकडे. बचावाचा तळ एकच होता, आणि त्याला एकच शहर वाचवता येणार होतं.

त्याने मोठ्या शहरावर बाण नेला आणि बटण दाबलं. लहान शहराच्या जागी एक पांढरा ठिपका उमटला आणि विझला. पुढचं पान उघडलं.

“जमलं की!” तो खुर्चीतच उसळला. “इथे काही अडलो नाही ना?”

“नाही.”

“बाकीचे अडतात?”

“बाकीचे इथेच अडतात. दोन्ही वाचवायला बघतात आणि दोन्ही घालवून बसतात. एक बाई तर उठून निघूनच गेल्या. बहुतेकांना चाळीसेक सेकंद लागतात.”

“आणि मला?”

तिने वहीत पाहिलं. “चार.”

“अगं, कापड कमी पडलं की शिंपी काय विचार करत बसतो होय? मोठं गिऱ्हाईक बघायचं आणि...”

पुढचं त्याच्या तोंडातच राहिलं. कानाच्या पाळ्या तापल्या. इतकी लाज त्याला उभ्या जन्मात वाटली नव्हती. मुलीकडे बघवेना, पडद्याकडे तर त्याहून बघवेना. तो माउसकडेच बघत राहिला.

तिने वही मिटली. “झालं, बाबा. खूप मदत झाली. तुम्हाला काही बोलायचं होतं ना?”

वाक्य तयार होतं. त्याने तोंड उघडलं, पण ते पंधरा दिवस काही केल्या जिभेवर येईनात.

“मी सगळ्यांना सांगत आलो,” तो खाली मान घालून म्हणाला, “की तुला मावशीकडे ठेवताना मी पंधरा दिवस झोपलो नव्हतो. तुलाही आज तेच सांगणार होतो. खोटं आहे गं ते. तुझ्या आईने दुकानात येऊन विचारलं, पोरीचं काय करायचं, आणि मी तिथल्या तिथे सांगून मोकळा झालो.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “मी पडद्यामागे नवा फ्रॉक घालून बघत होते. तुमचं मशीन थांबलंसुद्धा नव्हतं.”