पहिल्या दिवसाचा शिक्का

नेडीन चर्चच्या तळघरात उतरली आणि क्लेटनच्या हातातला डोनट हातातच राहिला.

मर्लला जाऊन तीन आठवडे झाले होते. त्याची बायको नाणी आणि टपाल तिकिटं जमवणाऱ्यांच्या शनिवारच्या मंडळात येईल असं क्लेटनला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तिच्या काखेत अक्रोडाच्या लाकडाची पेटी होती. ती त्याने लांबूनच ओळखली.

मंडळात तेव्हा नेहमीचं दळण चाललं होतं. प्रत्येक राज्याच्या नावाने निघणारी डॉलरची नवी नाणी.

"बाजारात एक तरी दिसतं का? नुसती आपल्या गळ्यात मारायला काढतात!" खजिनदार म्हणत होता.

"मग घेतोस कशाला दर वेळी?"

"आता सुरुवात करून बसलोय ना! मधली जागा रिकामी कशी सोडू?"

सगळे हसले. मग नेडीन दिसली आणि त्यांनी खुर्च्या सरकवून तिला वाट करून दिली.

चार वर्षांपूर्वी मर्लवर असेच हसले होते. मर्ल जन्मभर ट्रक चालवत आला. राष्ट्राध्यक्षांची चित्रं असलेले डॉलर निघू लागले, तेव्हापासून प्रत्येक नाणं त्याने निघाल्या निघाल्या मिळवलं, आधी बँकेच्या दारात उभं राहून, पुढे थेट टांकसाळीतून मागवून. दहा वर्षं हेच. मग स्वतःच्या हाताने ही पेटी केली, एकेका नाण्याला एकेक गोल खोबण. वार्षिक प्रदर्शनात लोक क्लेटनच्या जुन्या तिकिटांकडे पाठ फिरवून त्या पेटीभोवती गोळा झाले. क्लेटनच्या जिभेला हाड नव्हतंच.

"अरे मर्ल, एकोणचाळीस टोकनं!" तो मोठ्याने म्हणाला. "नाणं टाकून चालणाऱ्या धुलाईयंत्राची वर्षभराची सोय झाली की रे तुझी!"

मर्लने पेटी मिटली, टोपी घातली आणि निघून गेला. पुन्हा त्या पायऱ्या उतरला नाही. त्याला बोटाला धरून मंडळात आणलं होतं क्लेटननेच. ते क्लेटनला सगळ्यात जास्त डाचत राहिलं.

माफी मागायला तोंड उघडेना. शेवटी त्याने आपली तिकिटवाल्याची वाट धरली. एक देखणं नवं तिकीट निघालं, त्या दिवशी दोनशे मैल गाडी हाकत तो, ते जिथे प्रकाशित झालं, त्या गावच्या टपाल कचेरीत गेला. पाकिटावर ते तिकीट लावून पहिल्या दिवसाचा शिक्का मारून घेतला; अशा पाकिटाला संग्राहकांत मोल असतं. आत एक जाड कार्ड घातलं. त्यावर लिहिलं होतं, 'मर्ल, मला तुझ्या पेटीचा हेवा वाटला. चुकलो. फोन कर, कॉफीला येतो.' मग सवयीने पाकीट नीट चिकटवून पाठवून दिलं.

फोन आला नाही. महिना गेला, वर्ष गेलं. क्लेटनच्या लाजेवर हळूहळू रागाची बुरशी चढली. एवढं लिहून दिलं, तरी याचा ताठा जात नाही! या हिवाळ्यात मर्ल हॉस्पिटलात असल्याचं कळलं. क्लेटन आवारापर्यंत गेला, गाडीत अर्धा तास बसला आणि परत फिरला. ज्याने माफ केलं नाही त्याच्या उशाशी कुठल्या तोंडाने उभं राहायचं? आता तो अर्धा तास त्याला रात्रंदिवस खात होता.

नेडीनने पेटी त्याच्या पुढ्यात ठेवली. "ही तुला द्यायला सांगून गेलाय."

"मला?" क्लेटनने डोनट खाली ठेवला. "नेडीन, मी यायला हवं होतं गं. शरम वाटते. पण त्यानं मला माफ केलं नव्हतं ना..."

"माफ? फोन वाजला की पहिलं विचारायचा, क्लेट आहे का म्हणून. मी म्हणायचे, तूच कर की रे! तर म्हणे, हसला तो, आता बोलू दे आधी त्यालाच. एवढं झकास पाकीट पाठवलंन, पण एक शब्द बोलवत नाही त्याला. मेले दोघंही एका माळेचे मणी!"

तिने झाकण उघडलं. नाण्यांच्या ओळींखाली मर्लने एक नवी खोबण कोरली होती, लांबट चौकोनी. तिच्यात प्लॅस्टिकच्या पारदर्शक वेष्टनात क्लेटनचं पाकीट बसवलं होतं. शिक्का ठळक होता, कडा करकरीत होत्या. क्लेटनने पाकीट उलटं केलं. मागची घडी त्याने चिकटवली होती तशीच होती.

"त्यानं... उघडलं नाही हे?"

"मी शंभरदा म्हटलं, उघडून तरी बघ." नेडीन डोळे पुसत हसली. "तर माझ्यावरच खेकसायचा. 'खुळी का काय तू? पहिल्या दिवसाचं पाकीट कुणी फोडतं का? क्लेटननं पहिला धडा हाच दिलाय मला, फोडलं की माती. आणि आत असणार काय? पाकीट वाकू नये म्हणून घालतात, तो कोरा पुठ्ठा!'"