मडक्यातल्या माशा

गोदाकाठी दत्तरावाच्या वाडीत खरबुजांना सुई टोचल्यागत डाग पडले आणि फळं आतून सडू लागली. त्यानं शेजारच्या भिवराबाईवर करणीचा आळ घेतला आणि गंगाखेडच्या पोलीस ठाण्यात अमीनसाहेबांकडं फिर्याद केली. "माशी टोचायलीय, दत्तराव," हे सांगून सांगून ती थकली. शेवटी तिनं आपल्याच वेलाचं एक किडकं खरबूज वाळू घातलेल्या मडक्यात ठेवलं आणि वर फडकं बांधलं. पंधरवड्यात अळ्यांच्या पिवळ्या माशा झाल्या.

अमीनसाहेब चावडीवर आले तेव्हा तिनं मडकं पुढं केलं. "ह्यो घ्या सबूत, साहेब. ह्याच माशा फळं नासवायल्यात."

दत्तरावानं फडक्यातून निरखून पाहिलं. "ह्याच हायेत," तो म्हणाला.

भिवराबाईचा जीव भांड्यात पडला.

"बघा साहेब," दत्तराव पुढं बोलला, "घरात पाळून माझ्या वाडीत सोडायलीय."