वाऱ्याची बाजू

मृत्युंजयनं आपलं सगळ्यात मोठं जहाज नागसेनच्या तोफांसमोर आणून ठेवलं आणि हात मागे घेतला.

नागसेन बघत राहिला. टेबलावर निळं कापड, त्यावर बोटाएवढी शिडाची जहाजं, कडेला अंतर मोजायचा टेप आणि फासे. पुठ्ठ्याच्या बाणानं दाखवलेला वारा मृत्युंजयच्या पाठीशी होता. वाऱ्याची बाजू ज्याची, त्याला हवं तेव्हा अंगावर जाता येतं, हवं तेव्हा निसटता येतं. अकरा वर्षं दर रविवारी दुपारी बिदरच्या या क्लबात दोघं समोरासमोर बसत होते. अशी चूक मृत्युंजयनं पहिल्या वर्षीही केली नव्हती.

"मुद्दाम हरायलास," नागसेन म्हणाला.

"हरू दे की. तू मार."

नागसेननं फासे उचलले नाहीत.

शेजारच्या टेबलावर व्यंकट जहाजाला रंग देत बसला होता. त्यानं मान वर केली. "नागसेनअण्णा, शुक्रवारी हुमनाबादला कसं जायलाव? माझ्या गाडीत एक जागा हाय."

"हुमनाबादला काय हाय?"

"आता! मृत्युंजयअण्णाच्या गुरुबसवचं लगीन न्हाई का?" व्यंकट हसला. मग त्यानं मृत्युंजयचा चेहरा पाहिला, आणि चहा सांगून येतो म्हणत तो जिन्यानं खाली गेला.

खोलीत दोघंच उरले. वर पंखा खडखडत होता.

"तारीख धरली व्हय," नागसेन म्हणाला.

"घाईत ठरलं सगळं. तुला सांगणारच होतो."

"पत्रिका सगळ्या क्लबाला दिलीस."

मृत्युंजयनं टेप ओढला, पुन्हा सोडून दिला. "काय करू, सांग. गुरुबसवनं घरात सांगितलं, करीन तर नागसेनकाकांच्या मंगलशीच. त्याच्या आईनं चार दिवस तोंडात पाणी घेतलं न्हाई. भाऊबंद म्हणले, त्यांची पोरगी आली तर आमचा पाय तुमच्या उंबऱ्यात पडायचा न्हाई. म्हणून हुमनाबादची सोयरीक धरली. अन् आता मांडवात तुला बोलावलं, कुणी जातीवरून काही बोललं तर? तुझा अपमान मला सोसायचा न्हाई."

"दर बसवजयंतीला भाषण करतोस तू," नागसेन हळू आवाजात म्हणाला. "कल्याणात बसवण्णांनी बामणाच्या पोरीचं अन् चांभाराच्या पोराचं लगीन मानलं. रक्त सांडलं, तरी त्यांचे शिष्य, ते शरण, मागं सरले न्हाईत. हे बोलताना तुझा गळा भरून येतो. मी पहिल्या रांगेत बसतोय. टाळी माझीच पहिली असती."

मृत्युंजयनं पुठ्ठ्याचा बाण उगाच सरळ केला.

"गुरुबसवला न्हाई म्हणली ती मंगलच. तुला ठाऊक हाय? तो घर सोडून यायला तयार होता. ती मला म्हणली, बाबा, माझ्यापायी तुमची दोस्ती तुटू नये. आज माझं मन नव्हतं. तिनंच धाडलं मला."

मृत्युंजयनं चष्मा काढला आणि तळहातानं डोळे दाबून धरले. मग म्हणाला, "लगीन होऊन जाऊ दे. पाव्हणे गेले की एक दिवस घरी ये. मी सांगतो घरात. आपण दोघंच बसू जेवायला. कुणी नसंल तवा."

तो हे मनापासून म्हणत होता. अकरा वर्षांची माया होती त्या आवाजात. नागसेनला तेच सोसलं नाही.

त्यानं मृत्युंजयचं जहाज दोन बोटांत उचललं, आपल्या तोफांच्या माऱ्याबाहेर नेऊन ठेवलं आणि तो उठला.

"तुझी जहाजं?" मृत्युंजयनं विचारलं.

"राहू दे इथंच."

खाली उन्हात मंगल स्कूटीवर थांबली होती. दवाखान्यातली पाळी संपवून ती थेट आली होती. नर्सचा पांढरा कोट तिनं घडी करून पुढं ठेवला होता.

"आज लौकर संपला खेळ?"

"व्हय."

"काका कसे हायेत?"

"बरे हायेत."

तिनं ओढणी तोंडाभोवती गुंडाळली, नुसते डोळे उघडे ठेवले. नागसेन मागं बसला. तिनं गाडी सुरू केली, पण लगेच हलवली नाही.

"बाबा, शुक्रवारी माझी वाट बघू नका, जेवून घ्या," ती समोर रस्त्याकडं बघत म्हणाली. "मी डबल ड्युटी मागून घेतलीय."