मूळ तुकडे

बालवर्गाला रोमन कलेची गोडी लागावी म्हणून संग्रहालयातल्या ताईंनी मुलांकडून रंगीत तुकड्यांचे मासे चिकटवून घेतले. मुलं आपापले मासे घेऊन घरी गेली. मग रिकाम्या ट्रेखाली ताईंना चिठ्ठी सापडली: ‘रोमन फरशी. मूळ तुकडे.’

नोकरी गेल्यातच जमा होती. ताई धापा टाकत दुरुस्तीच्या खोलीत पोचल्या.

“सर, मागच्या आठवड्यातच आपले ट्रे बदलले गेलेत. मुलांनी तुमचे तुकडे चिकटवले हो!”

आठवडाभर खपून जोडत आणलेल्या फरशीकडे सरांनी पाहिलं. सकाळीच तज्ज्ञ समितीने तिचं तोंडभरून कौतुक केलं होतं.

“आधी दार लावा,” ते म्हणाले. “मुलांसाठी तुम्ही काय आणलं होतं?”

“आमच्या बाथरूमच्या फुटक्या टाइल्स.”

“थोड्या उरल्यात का? एक कोपरा राहिलाय.”