काळी नखं

"दे," म्हाताऱ्यानं हात पुढे केला. बोक्यानं पुढचा उजवा पाय उचलून त्याच्या तळहातावर ठेवला.

बोका हा कुत्रा. हाक मारली की एक डोळा उघडून बघायचा आणि पुन्हा झोपायचा, म्हणून म्हातारीनं त्याचं हे नाव ठेवलं होतं. ती गेली. नाव आणि कुत्रा म्हाताऱ्याकडे राहिले.

हॉलमध्ये मुलगा, सून आणि मुलाच्या ऑफिसातल्या मॅडम बसल्या होत्या. मॅडम सहज चहाला आल्यात, असं मुलानं सांगितलं होतं. म्हाताऱ्याला बरंच वाटलं. बाहेरचं माणूस बघायला असलं की मुलगा दिलेला शब्द फिरवणार नाही. महिन्यापूर्वी त्यानं तोडून सांगितलं होतं, "बाबा, त्या नखांनी सोफा फाटला, माझी पँट फाटली. महिनाभरात नखं कापून घ्यायला शिकला तर राहू दे. नाहीतर मी काहीतरी बघतो."

ती नखं एकदा मुलानंच कापली होती, घाईघाईत, पार आतल्या नसेपर्यंत. फरशीवर रक्त सांडलं. तेव्हापासून कटर दिसला की बोका पलंगाखाली शिरायचा आणि हात घातला की गुरगुरायचा. हे मात्र मुलाला आठवत नव्हतं.

म्हातारा जन्मभर शिंपी. नव्या कापडाला लगेच कात्री लावायची नसते, आधी भिजवून वाळवायचं असतं, एवढं त्याला कळत होतं. पहिला आठवडा कटर नुसताच बोक्याच्या ताटलीशेजारी पडून राहिला. दुसऱ्या आठवड्यात पाय हातात घ्यायचा आणि सोडून द्यायचा. मग आवाजाची सवय. बोक्याच्या कानाशी तो झाडूची एकेक काडी कटरनं कापायचा आणि प्रत्येक कट्‌ला उकडलेल्या अंड्याचा एक तुकडा द्यायचा. अंडं त्याच्या स्वतःच्या नाश्त्यातलं. अर्धा झाडू संपला तेव्हा सून म्हणाली, "बाबा, आता केर काय हातानं काढू?" पण नवा झाडू तिनंच आणला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या बशीत दोन अंडी ठेवायला लागली.

कट्‌. पहिलं नख फरशीवर पडलं. बोक्याचा कान हलला, बाकी काही नाही.

"शाब्बास, राजा," म्हातारा पुटपुटला. दुसरं. तिसरं. पाचवं नख कापून झालं तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. म्हातारी असती तर दृष्ट लागेल म्हणाली असती.

"बघितलंत मॅडम?" मुलगा म्हणाला. "म्हटलं नव्हतं? आता काही अडचण नाही. आजच न्या."

म्हाताऱ्याला आधी समजलंच नाही. "कुठं न्यायचं?"

"बाबा, त्यांचं घर मोठं आहे. मागं अंगण आहे. त्याला तिथं बरं पडेल."

"तू म्हणाला होतास, शिकला तर राहू दे."

"तेव्हा घेणारं कुणी नव्हतं ना, बाबा. तीन ठिकाणी विचारलं. पायाला हात लावू न देणारा कुत्रा कोण घेणार?"

सून उठली. कप अजून अर्धे भरलेले होते, तरी ते गोळा करून ती आत गेली. आतून नळाचा आवाज येत राहिला.

"काका, एक मी कापून बघू?" मॅडमनी विचारलं. बाई वाईट नव्हती. ती सरळ फरशीवर बसली आणि तिनं हात पुढे केला. "दे." बोक्यानं म्हाताऱ्याकडे बघितलं, मग अंड्याच्या बशीकडे, आणि डावा पाय तिच्या हातावर ठेवला.

बोक्याची नखं काळी. नस कुठपर्यंत आली आहे ते वरून दिसत नाही, ते हाताला कळावं लागतं. मॅडमनी कटर लावला तो पार मुळाशी.

"इथं ना, काका?"

नस तिथंच होती. म्हाताऱ्यानं नुसतं 'हो' म्हणायचं होतं. मानही हलवली असती तरी चाललं असतं. एक किंकाळी, थोडं रक्त, आणि बोका पुन्हा पलंगाखाली. मग त्याला कुणी हात लावला नसता आणि कुणी नेलंही नसतं.

बोका शांत होता. जीभ बाहेर काढून तो अंड्याची वाट बघत होता.

"नाही," म्हातारा म्हणाला. "टोकाकडे घ्या. अजून थोडं. हां. आता."

कट्‌.

"वा, बाबा!" मुलगा म्हणाला. "खरंच कमाल केलीत तुम्ही."

म्हाताऱ्यानं बशी मॅडमच्या बाजूला सरकवली. "लगेच द्यायचं," तो म्हणाला. "उशीर केला तर त्याला कळत नाही कशाबद्दल ते."

बोक्यानं तिच्या हातचं अंडं खाल्लं. ओठ चाटले. मग तिनं न मागताच पाय उचलून पुन्हा तिच्या हातात दिला.