कोरं पाणी

फिल्टर पांढराशुभ्र निघाला. सुमिएने तो उन्हाकडे धरून पाहिला, उलटा करून पाहिला. एक केस नाही, की कडेला जरासा पिवळेपणा नाही.

"बघितलंस?" कुनिहिको टबापाशी उकिडवा बसून तपासणीची कागदी पट्टी पाण्यात बुडवत होता. "आठवडा झाला, पाणी बदललं नाहीये. तळाचा स्क्रूसुद्धा दिसतोय. क्लोरीन टाकायला हात लागतो, हात."

"अहो, फारच स्वच्छ आहे."

"मग!" नवऱ्याला ते कौतुक वाटलं.

टब त्याने नाओयासाठी आणला होता आणि अंगणात पर्सिमनच्या झाडाखाली मांडला होता. जानेवारीच्या एकिदेनमध्ये, म्हणजे संघाच्या टप्प्याटप्प्याच्या लांब शर्यतीत, खांद्यावरचा पट्टा पुढच्या गड्याच्या हाती देण्याआधीच पोरगा रस्त्यात बसला. नडगीचं हाड चिरलं होतं. कंपनीच्या संघाने घरी पाठवला. आता रोज सकाळी पोराने धावून येऊन बर्फाच्या पाण्यात बसायचं, बापाने पाणी तपासायचं, आईने फिल्टर धुवायचा. दुधाच्या रिकाम्या खोक्यांत बर्फ गोठवून गोठवून फ्रीजर असा भरला होता, की सुमिएच्या मासळीला तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. रविवारी प्रशिक्षक येणार होते, नाओयाला परत न्यायला. त्यांना हे पाणीसुद्धा दाखवायचं होतं.

कुनिहिको नाश्त्याला आत गेला, तशी सुमिएने बाही सारून हात कोपरापर्यंत पाण्यात घातला.

लग्न झाल्यापासून ती या घरात सगळ्यांत शेवटी आंघोळीला जात आली होती. आधी सासरे, मग नवरा, मग पोरगा, मग ती. हौद एकच, ऊन पाणीही तेच. सगळे बाहेर साबणाने अंग चोळून, धुऊनच आत उतरायचे, तरी माणूस पाण्यात काहीतरी ठेवून जातोच. त्याने पाणी मऊ होतं. कोणाला ताप येऊ घातलाय, कोण कचेरीत भांडून आलंय, हे तिला माणसाच्या आधी पाण्यातून कळायचं. कोणी न उतरलेलं, कोरं पाणी अंगाला टोचतं, असं सासरे कुरकुरायचे. पहिला मान मात्र कधी सोडायचे नाहीत.

हे पाणी टोचलं. गारठा टोचतो तो वेगळा. हे कोरं होतं.

"बापरे, आज हाडं गोठली!" नाओया गळ्यात टॉवेल टाकून पायरीवर आला. केस ओले होते. कान मात्र लाल नव्हते.

"कसं होतं पाणी?"

"मस्त."

"कोरं आहे."

नाओया टॉवेलने केस पुसत राहिला. मग पायरीवर बसला.

"कधी कळलं तुला?"

"फिल्टर मी धुते, राजा. तुझे बाबा नुसती पट्टी बुडवतात."

"मी शेजारी स्टुलावर बसतो. घड्याळ वाजेपर्यंत. मग नळाखाली डोकं धरतो."

"पाय अजून दुखतो?"

"नाही गं. पाय बरा झालाय. तोच तर घोळ आहे." त्याने पायाची बोटं आवळली, सोडली. "मला धावायचंच नाहीये, आई. तो पट्टा पुन्हा खांद्यावर नको."

"मग सांग की बाबांना."

"चिरलेल्या हाडाला त्यांनी माफ केलं. याला कसं करतील?" त्याने आतल्या दाराकडे पाहिलं. "तूही सांगायचं नाहीस. शपथ घे."

"नाही सांगणार. शपथ."

ती न्हाणीघरात गेली. साबण लावून, अंग चोळून, धुऊन घेतलं. कुनिहिकोची जुनी शर्यतीची बनियन आणि चड्डी चढवली. अंगणात आली, बर्फाचे तुकडे हाताने बाजूला सारले आणि टबात उतरली. तोंडातून असा एक शब्द निघाला, जो सासऱ्यांच्या हयातीत तिने कधी मनातसुद्धा आणला नसता.

कुनिहिको भाताचा वाडगा हातात घेऊनच धावत आला.

"अगं! कपड्यांसकट? नासेल ना पाणी!"

"ना-नासू दे." तिचे दात वाजत होते. "जन्मभर शेवटची शिरत आले. आज पहिली."

"पहिली कशी असशील? नाओया आत्ताच तर..."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग दोरीवर चिमट्याला लटकत असलेल्या पांढऱ्या फिल्टरकडे. मग पायरीवरच्या पोराकडे. नाओया आईकडे बघत होता, आणि आई हनुवटीपर्यंत पाण्यात जाऊन बर्फाकडे.

कुनिहिकोने वाडगा जमिनीवर ठेवला. गुडघे टेकले. बाही वर न करताच हात पाण्यात घातला, आणि लाल होईपर्यंत तसाच ठेवला.

"मऊ लागतंय," तो म्हणाला, कोणाकडेच न बघता.